द्राक्षाचं औषध मोजतात, उसाचं पाणी कोण मोजणार?

डावणी_भुरी (तासगाव)

गेल्या रविवारी एकाच दिवसात दोन गोष्टी बघितल्या. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे, म्हणून धागा काढतोय. मोठा झालाय, सांभाळून घ्या.

सकाळी आमच्या बागेत रेसिड्यूचा, म्हणजे द्राक्षात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, नमुना घ्यायला प्रयोगशाळेचा माणूस आला होता. प्लॉटचा नोंदणी क्रमांक तपासला, फवारणीची वही मागितली. कुठल्या तारखेला कुठलं औषध, किती पाण्यात, काढणीआधी किती दिवस राखले, सगळं बघितलं. मग वेगवेगळ्या ओळीतले घड तोडून पिशवीला सील. माझी सही. आता अहवाल येईपर्यंत पोटात गोळा. एका औषधाचं प्रमाण रेघेच्या वर गेलं की तो माल युरोपला नाही, स्थानिक बाजारात नाहीतर बेदाण्याच्या शेडवर.

दुपारी मामाकडं वाळवा तालुक्यात गेलो. रानात पाटपाणी चालू होतं. सरीला पाणी सोडून गडी आंब्याखाली झोपलेला. खालच्या अंगाला ऊस कधीच भिजला होता, पाणी बांध फोडून ओढ्याला चाललं होतं. त्याच रानाच्या खालच्या टोकाला मामाचे तीस गुंठे आहेत. लहानपणी तिथं शाळू छातीएवढा यायचा. आता मिठाचा पांढरा फटक थर. पाय ठेवला की चुरचुर आवाज येतो. मामा म्हणाला, "खारीनं खाल्लं." मी म्हणालो, खारीनं नाही मामा, तुझ्या वरच्या दोन एकरानं खाल्लं. मामा बोलला नाही. मामीनं चहा टाकला.

सरकारी कागदात आजकाल दोन शब्द जोडीनं येतात, शाश्वत शेती आणि स्पर्धाक्षम शेती. माझ्या बागेत हे दोन्ही झालं, पण कुणी प्रेमानं समजावून सांगितलं म्हणून नाही. २००३ मध्ये नेदरलँडला आपल्या द्राक्षात औषधाचे अंश सापडले, तेव्हा अपेडाची, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची, रेसिड्यू तपासणी सुरू झाली. पुढं ग्रेपनेट ही निर्यातीच्या बागांची ऑनलाइन नोंदणी आली, प्रत्येक प्लॉटला नंबर आला. तरी २०१० मध्ये सीसीसी (क्लोरमेक्वाट) या औषधानं दणका दिलाच. एप्रिल छाटणीनंतर वाढ रोखायला आपण सगळेच ते मारायचो. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं, युरोपनं शोधलं, आणि कंटेनर बंदरात अडकले. आमच्या गावात त्या वर्षी दोन लग्नं पुढं ढकलली गेली, मला नीट आठवतंय. त्यानंतर वही आली ती आजतागायत आहे. आमचे वडील वहीला "सासू" म्हणतात.

उसात असली सासू नाही. कुणी मोजत नाही, कुणी विचारत नाही. साखरही जगाच्या बाजारात जाते, पण ती किती पाण्यात तयार झाली याचं वजन कुठल्याच काट्यावर होत नाही.

माझा प्रश्न साधा आहे. जमीन आणि पाणी राखणारा शेतकरी बाजारात मागं पडतो आणि ओरबाडणारा पुढं जातो, असं धोरण असेल तर ते बदलायला हात कुठं घालायचा? पाणीपट्टीत, खतात, की ऊसदरात? सल्ले नकोत, हिशेब द्या.

---

अडसाली

तासगावकर, तुमचं म्हणणं वाचलं. राग आला, पण बसून लिहितोय.

द्राक्ष म्हणजे जुगार हाय. अवकाळी आला, डावणी रोग आला, बांगलादेशनं आयात शुल्क वाढवलं, की बाग काढून तुम्हीच ऊस लावता. आमच्या शिवेवर चार बागा गेल्या, चारीत ऊस हाय. का? तर देशात दर कायद्यानं बांधलेलं आणि खरंच त्या दरानं उचललं जाणारं हे एकच पीक हाय आमच्या हातात. २०२५-२६ ला सव्वादहा टक्के उताऱ्याला (उसातनं निघणारी साखर) क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी, म्हंजे कारखान्यानं द्यायचाच असा दर. चौदा दिवसांत पैसे दिले न्हाईत तर पंधरा टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिवलंय. मिळतं का ते सोडा, निदान भांडायला कागद हाय. त्याच हंगामाला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८. बाजार समितीत त्या दरानं एक पोतं घालून दाखवा, मी तुमच्याकडं येऊन औषध मारतो.

दुसरं. आम्ही नदीकाठची माणसं. २००५, २०१९, २०२१, तीनदा कृष्णा घरात आली. ऊस चार दिस पाण्यात उभा राहतो. शेंड्याच्या वर पाणी चढलं तर गेला, पण तोवर तग धरतो. तुमची टोमॅटो, ढबू, सोयाबीन पहिल्या रात्रीच आडवी. पुराला टिकणारं पीक म्हणजे शाश्वत न्हाई तर काय?

तीस गुंठे खारीनं गेले ते मान्य. माझंबी अर्धं एकर गेलंय. पण सगळं पाप उसावर ढकलू नका.

---

चहाची_टपरी

अडसालीदादा, औषध मारायला याल तेव्हा टपरीवर थांबा. चहा फुकट. पाणी मोजून घालतो.

---

माणदेशी_गडी (आटपाडी)

तुम्ही दोघं कृष्णाकाठी भांडताय, आम्ही तुमच्या उष्ट्या पाण्यावर जगतो, म्हणून माझं ऐका.

टेंभू उपसा योजनेचं पाणी कराडजवळ उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं पंपांनी चढवत आमच्याकडं आणतात. त्या विजेच्या बिलात ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी असा वाटा आहे. म्हणजे आमच्या डाळिंबाच्या प्रत्येक थेंबात सरकारचा पैसा आहे. ते आम्ही नाकारत नाही. पण आमच्या आज्यानं १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आणि बापानं समन्यायी पाणीवाटपासाठी मोर्चे काढले. आटपाडी तालुक्यात बंद पाइपनं, जमीन किती यापेक्षा माणसं किती हे बघून पाणी वाटायची मागणी झाली ती त्यातूनच. पाटानं पाणी आणलं तर निम्मं वाटेत मुरतं, पाइपनं आणलं तर शेवटच्या माणसाच्या बांधावर पोचतं.

आता खरं सांगतो, रागावू नका. आमच्या शेजारच्या गावात पाणी आलं आणि पहिल्याच वर्षी काय लावलं? ऊस. लाजलो मी. मग विचार केला, तो तरी काय करणार? डाळिंबाला तेल्या रोग आला की झाड उपटायचं. उसाला कारखान्याची गाडी घरापर्यंत येते. डाळिंबाला तसं कोण येतं?

बरं, पाण्यावर हक्क माणशी मागितला तर पीकही मोजून घ्यावं लागेल, हे आमच्या चळवळीतल्या माणसांनाही रुचत नाही. हे उघड बोललेलं बरं.

---

हिशेबनीस (निवृत्त, साखर कारखाना लेखा विभाग)

डावणी_भुरी यांनी हिशेब मागितला आहे, तो थोडक्यात देतो.

साखरेचा किमान विक्री दर केंद्रानं जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरवला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ केला. त्या वेळी एफआरपी २७५ रुपये क्विंटल होती. २०२५-२६ ला ती ३५५ झाली. २०२५ चा गाळप हंगाम सुरू झाला तेव्हाही किमान दर ३१ च होता. बाजारभाव त्याहून वर असतो हे खरं, पण बँक साखरेचं मूल्यांकन करून कर्ज देताना सावध असते आणि कारखान्याची नड तिथून सुरू होते. राज्यानं २०२२ मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये रद्द केली. शेतकऱ्याच्या बाजूनं योग्यच झालं. माझ्या जुन्या टेबलावर मात्र त्या दिवशी कुणी जेवलं नसेल.

आता स्पर्धाक्षम या शब्दाबद्दल. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला २०१९ मध्ये आपल्या ऊस-साखर अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरुद्ध लागला. आपण अपील केलं. तिथलं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच बंद पडलंय, त्यामुळं प्रकरण लोंबकळत आहे. ब्राझीलचा ऊस बहुतांश पावसावर येतो आणि तिथला कारखाना साखरेचा भाव पडला की इथेनॉलकडं वळतो. आपण तेच करायला निघालो. इथल्या कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभ्या केल्या आणि ७ डिसेंबर २०२३ ला आदेश आला, रसापासून इथेनॉल बंद. पाऊस कमी, साखर महाग होईल, निवडणूक जवळ. पुढं सवलती मिळाल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बंदी उठली, पण त्या हंगामाचं गणित कोलमडलं ते कोलमडलंच.

माझ्या मते शाश्वततेचा पहिला नियम पाण्याबद्दल नाही, धोरणाबद्दल आहे. हंगामाच्या मध्यात नियम बदलू नका. मग बाकीचं बोलू.

---

रॉटरडॅमकर_मिरजेचा

मी बंदराजवळ फळ आयातीच्या व्यवसायात आहे. युरोपला येणारी आपली द्राक्षं बहुतेक इथंच उतरतात, तेव्हा तासगावच्या पेट्या माझ्या रोजच्या ओळखीच्या.

एक भ्रम दूर करतो. तिकडं वाटतं की युरोपनं शाश्वत आणि स्पर्धाक्षम यांचा मेळ घातलाय. घातलेला नाही. २०२० मध्ये युरोपियन आयोगानं 'शेतातून ताटात' नावाचं धोरण आणलं, त्यात २०३० पर्यंत कीडनाशकांचा वापर आणि धोका निम्म्यावर आणायचं लक्ष्य होतं. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन ब्रुसेल्सच्या रस्त्यावर आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या कायद्याचा मसुदा मागं घेतला. इथं नेदरलँडमध्ये २०१९ ला न्यायालयानं नायट्रोजनच्या प्रदूषणावर निकाल दिला, सरकार गुरं कमी करा म्हणालं, तर २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत शेतकऱ्यांचा नवा पक्ष सगळ्यांच्या पुढं गेला. नाराज शेतकरी सगळीकडं सारखाच दिसतो, फक्त इथं त्याच्या ट्रॅक्टरला एसी असतो.

फरक एका गोष्टीत आहे. युरोपच्या अंदाजपत्रकाचा जवळपास एक तृतीयांश भाग शेतीवर जातो. २०२३ ते २०२७ च्या आराखड्यात थेट मदतीतला किमान पाव हिस्सा पर्यावरणाच्या कामाला बांधलाय. बांधावर झुडपं ठेवली, रान उघडं ठेवलं नाही, तर त्याचे पैसे. पण मदत हेक्टरवर मिळत असल्यानं मोठ्या शेतकऱ्याला जास्त, साधारण ऐंशी टक्के रक्कम वीस टक्के लोकांकडं जाते, हीही ओरड आहे. हे आपल्याकडं उचलून लावायचं म्हटलं तर बिघा-दीड बिघावाल्याच्या हातात काय पडेल सांगा.

आणि हो, कायद्याची रेघ पाळून भागत नाही. काही सुपरमार्केट कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश चालवून घेतात, वर एकूण औषधं किती सापडली तेही मोजतात. ही रेघ सरकारनं आखलेली नाही, दुकानदारानं आखली. त्यासाठी शेतकऱ्याला जास्त पैसे देतो का? मी रोज दरपत्रकं बघतो. नाही देत. पाळली नाहीत तर माल घेत नाही, एवढंच.

---

डावणी_भुरी

@रॉटरडॅमकर, शेवटची ओळ फ्रेम करून लावावी अशी आहे. आमच्याकडं सगळे सांगतात रेसिड्यू-फ्री केलं की दर मिळतो. दर मिळत नाही, दार उघडं राहतं. दोन्हीत फरक आहे.

@अडसाली, तुमचं पटतं. मामाही हेच म्हणतो. मी उसाच्या विरुद्ध नाही, माझ्या शिक्षणाची फी उसानंच भरली. पण पुराला टिकतो म्हणून उन्हाळ्यात ओढ्याला पाणी सोडायचं हे कुठलं गणित?

---

कृषिका_कराड

बावीस वर्षं विस्तारकामात आहे. मला बोलायचं आहे ते मातीबद्दल, कारण या धाग्यात सगळे दराभोवती फिरताहेत.

जमीन क्षारपड, म्हणजे खारी, का होते ते आधी समजून घ्या. काळी भारी जमीन, निचरा मंद. वर्षानुवर्षं मोकळं पाणी. भूजल वर चढतं, मग उन्हानं केशाकर्षणानं पृष्ठभागापर्यंत येतं, पाण्याची वाफ होते आणि क्षार वर उरतात. त्यात आपण नैसर्गिक नाले नांगरून रानात घेतले. पूर्वी पाणी जायची वाट होती, आता नाही. म्हणून डावणी_भुरी, तुमच्या मामांचे तीस गुंठे फक्त त्यांच्या दोन एकरानं नाही, तर वरच्या अंगाच्या सगळ्या शिवारानं खाल्लेत. खालच्या टोकाचा माणूस वरच्यांच्या पाण्याची किंमत भरतो.

उपाय माहीत आहे. जमिनीखाली साधारण मीटर-सव्वा मीटरवर छिद्रं असलेले पाइप टाकायचे, त्यांचं पाणी मोठ्या पाइपनं ओढ्यात सोडायचं. शिरोळला दत्त कारखान्याच्या पुढाकारानं असं मोठं काम झालंय, पूर्वी पडीक असलेल्या रानात ऊस उभा आहे. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात जाऊन विचारा, माहिती देतात. अडचण पाइपची नाही. तुमचं पाणी बाहेर काढायला शेजाऱ्याच्या रानातून वाट लागते. शेजारी म्हणतो, माझं चांगलं आहे, माझ्या रानात चर कशाला? हे काम एकट्यानं होत नाही आणि आपली अनुदानं सगळी एकट्याच्या नावावर निघतात.

खताचं बोलते. २०१० पासून स्फुरद-पालाशाच्या खतांना अन्नद्रव्यानुसार अनुदान आलं, युरिया त्यातून बाहेर ठेवला. आज ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपी १,३५० ला. तुम्ही शेतकरी असता तर काय टाकलं असतं? मी मातीपरीक्षणाचा कागद हातात देते, शेतकरी नम्रपणे घडी घालून खिशात ठेवतो आणि सोसायटीतून युरिया घेऊन जातो. त्याला दोष देत नाही. सरकार एका हातानं आरोग्यपत्रिका देतं, दुसऱ्या हातानं स्वस्त गोणी. माणूस दुसरा हात धरतो.

ठिबकचंही तसंच. २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं उसाला ठिबक सक्तीचं करायचा निर्णय घेतला. आज तुमच्या गावात किती उसाला ठिबक आहे, मोजा. अल्पभूधारकाला ऐंशी टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. पण ते नळ्यांना आहे, वाचलेल्या पाण्याला नाही. नळ्या आल्या, फोटो निघाला, दोन वर्षांनी उंदरानं कुरतडल्या, पुन्हा पाटपाणी. वाचलेल्या पाण्याचा मोबदला मिळाला असता तर उंदराचा बंदोबस्त शेतकऱ्यानं स्वतः केला असता.

---

अडसाली

ताई, तुमचं सगळं खरं. एक सांगू का? माझं ठिबकचं अनुदान दीड वर्षानं आलं. तोवर दुकानदाराचं व्याज भरलं. आणि वीज रात्रीची. रात्री बाराला मोटर चालू करायची, बिबट्या फिरतोय, कोण जाऊन फिल्टर धुणार? पाट सोडला की घरी झोपता येतं. तासगावकरांचा गडी आंब्याखाली झोपला, कारण तो रात्रभर जागा असणार.

शेतीपंपाला साडेसात अश्वशक्तीपर्यंत वीज माफ केली २०२४ ला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तेव्हापासनं मोटर बंद करायची घाई राह्यली न्हाई. घरची म्हणते, बंद करून या. मी म्हणतो, राहू दे की, कुठं बिल येतंय.

---

डावणी_भुरी

गड्याबद्दल लिहिलं ते मागं घेतो. मामाला विचारलं, तो खरंच रात्रपाळीला होता.

---

पेवातली_हळद (हरिपूर)

मघापासून वाचतेय. आता मी बोलते, कारण या चर्चेत कुणी वाकलेलं दिसत नाही.

सेंद्रिय करा, तणनाशक सोडा, हे कार्यशाळेत सांगतात. व्यासपीठावर पुरुष, समोर पुरुष. तणनाशक सोडलं की खुरपायला कोण जातं? आम्ही. हळदीला लावणीपासून भरणीपर्यंत खुरपण्या असतात, वाकून वाकून कंबर जाते. तुमच्या शाश्वत शेतीत माझ्या कमरेचा हिशेब धरा. मजुरी वाढवा म्हटलं की मालक म्हणतो, हळद परवडत नाही.

तरी मी हळदीच्या बाजूनं बोलणार, कारण उसानंतर हळद घेतली की रान सुधारतं, वासावरून कळतं. फेरपालट म्हणतात ते हेच. आमच्या हरिपूरची पेवं ऐकली असतील, जमिनीखालची कोठारं. हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही, वीज नाही, गोदामाचं भाडं नाही. भाव आला की उघडायचं. त्या पेवांवर सांगलीचा हळदबाजार उभा राहिला. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं संपली. २०१८ ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालं, त्याचं मुख्यालय निजामाबादला. असू दे, तिकडंही हळद पिकवणारी माणसंच आहेत. पण पेव गेलं तेव्हा आमच्यातली थांबायची ताकद गेली. थांबता येत नाही तो पडेल त्या भावाला विकतो, आणि पडेल त्या भावाला विकणारा माती कशी राखेल? त्याला पुढच्याच महिन्याचं बघावं लागतं.

---

माणदेशी_गडी

ताईंच्या पोस्टला मुजरा. "थांबायची ताकद" हा शब्द मिळाला. आमच्याकडं ती शेरडं देतात. अडलं की एक शेरडू बाजारात.

---

नवखा_साताऱ्याचा

एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ रासायनिक खतं बंद का करत नाहीत? सिक्कीमनं केलं की.

---

कृषिका_कराड

@नवखा, सिक्कीममध्ये रासायनिक खताचा वापर आधीच फार कमी होता, आणि तरी २०१६ ला पूर्ण सेंद्रिय जाहीर होईपर्यंत दहा-बारा वर्षं गेली. श्रीलंकेनं एप्रिल २०२१ मध्ये एका फटक्यात आयात बंद केली. भात आणि चहा दोन्ही घसरले, नोव्हेंबरमध्ये निर्णय फिरवावा लागला. माती बदलायला वेळ लागतो, पोट थांबत नाही. घाई केली की लोक शाश्वत या शब्दालाच घाबरतात, मग पुढची दहा वर्षं आमच्यासारख्यांचं कुणी ऐकत नाही.

---

हिशेबनीस

आता पाणी मोजण्याबद्दल, कारण धाग्याचं नाव तेच आहे.

कायदा आहे. २००५ मध्ये दोन झाले. एकानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, दुसऱ्यानं सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडं द्यायचं ठरलं. संस्थेला पाणी घनमापन पद्धतीनं, म्हणजे मोजून. नाशिक जिल्ह्यात दिंडोरीच्या वाघाड धरणावर संस्थांनी सगळा प्रकल्प चालवून दाखवला. पाणी मोजून मिळायला लागल्यावर लोकांनी आपणहून द्राक्ष आणि भाजीपाला धरला, कारण तेवढ्याच पाण्यात पैसे जास्त.

आपल्याकडं नदीकाठी चित्र वेगळं आहे. आपली बहुतेक शेती सहकारी किंवा खाजगी उपसा योजनांवर. तिथं पट्टी एकरी असते. एकरी पट्टी भरली की पाण्याच्या दहा पाळ्या घ्या नाहीतर पंधरा, पैसे तेवढेच. पाणी वाचवणारा आणि सांडणारा एकाच रकान्यात. मी कारखान्यात असताना आमच्याकडून कपात होणाऱ्या पाणीपट्टीच्या याद्या याच पद्धतीनं यायच्या. तीस वर्षं मीही त्यावर सह्या केल्या.

---

डावणी_भुरी

हिशेबनीस काका, इथंच माझी गाठ सुटली.

द्राक्षात वही आली, कारण दारावर कुणीतरी उभा होता. उसात दारावर कुणी नाही, आणि दिल्लीवाला किंवा मुंबईवाला उभा राहणारही नाही, कारण उसाच्या मतांना सगळेच भितात. मग दारावर आपणच उभं राहायचं का? मामाची उपसा संस्था सव्वाशे सभासदांची आहे. संस्थेच्या सभेत पट्टीचे दोन भाग करायचे. एक एकरी, स्थिर खर्चाचा. दुसरा पाळीचा, जेवढं घेतलं तेवढा. दर चेंबरला, म्हणजे पाइपातून रानात पाणी सोडायच्या जागेला, मीटर परवडत नाही हे माहीत आहे, पण तासावर तर मोजता येतं ना? व्हॉल्व्ह किती तास उघडा होता, पाणी सोडणाऱ्या पाणक्याची वही. आणि जमलेल्या पाळीच्या पैशातून खालच्या रानांच्या निचऱ्याचा चर. म्हणजे वरच्यानं सांडलेल्या पाण्याचे पैसे खालच्याच्या पाइपला.

सरकारकडं मागायचं ते वेगळं मागू. युरिया आणि बाकीच्या खतांतली दरी कमी करा, निचऱ्याचं अनुदान गटाला द्या, हंगामाच्या मध्यात निर्यातीचे नि इथेनॉलचे नियम बदलू नका. पण ते होईपर्यंत मामाचे तीस गुंठे साठ होतील.

---

अडसाली

कागदावर बरं दिसतंय. सभेत मांडा, बघू.

पण तीन प्रश्न. पाणक्या कुणाचा पाव्हणा हाय? आमच्याकडं पाणक्या चेअरमनचा चुलतभाऊ. तो चेअरमनचे तास कमीच लिहिणार. दोन, वरच्या रानाला उतार जास्त, पाणी चटकन पोचतं. टोकाच्या रानाला पोचायलाच दोन तास जातात. तासावर मोजलं तर टोकाचा मरतो, आणि खारीनं गेलाय तोबी टोकाचाच. तीन, पहिल्या सभेत जो हे मांडेल त्याची पाळी पुढच्या वेळेला नेमकी लग्नाच्या दिवशी लागणार, हे धरून चाला.

---

हिशेबनीस

दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. तास चेंबरवर मोजू नका, रानात पाणी पोचल्यापासून मोजा. वाटेतली गळती संस्थेच्या खर्चात धरा. मग पाइप दुरुस्त करायची घाई संस्थेला होईल.

पहिल्या प्रश्नाला वहीवर दोन सह्या घ्या, पाणक्याची आणि शेजारच्या पाळीवाल्याची. शेजारी कधी कमी तास लिहू देत नाही.

---

पेवातली_हळद

वही बाईकडं द्या. आमच्या बचत गटात अकरा वर्षांत एक रुपया चुकला नाही. आणि चेअरमनचा चुलतभाऊ बाईसमोर खोटं बोलला तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

---

चहाची_टपरी

ही सासू खरी!

---

अडसाली

हळदताईंचं पटलं. आमच्या गटातली एक पोरगी बीकॉम झालीय, घरीच हाय. तिला वही जमेल.

तासगावकर, मामाच्या सभेची तारीख कळवा. आमची संस्था शेजारचीच, येऊन मागं बसतो. हात वर करणार न्हाई आत्ताच सांगतो, पण ऐकतो. आणि तुमच्या फवारणीच्या वहीचं एक पान फोटो काढून टाका इथं. रकाने कसे पाडलेत बघू दे, पोरीला दाखवतो.

---

डावणी_भुरी

टाकतो. सभा पाडव्यानंतरच्या रविवारी, मारुतीच्या देवळात, सकाळी नऊला. मामा अजून हो म्हणालेला नाही, मामी म्हणालीय.

रकाने असे आहेत: तारीख, प्लॉट, औषध, किती मिली, किती लिटर पाणी, कुणी मारलं, सही. तुम्ही औषधाच्या जागी चेंबर नंबर आणि मिलीच्या जागी तास लिहा. बाकीचं तसंच चालेल.